घरीच रायतो

मारुती उभा असतो. जामसांवलीचा मारुती मात्र पिंपळाच्या बुंध्याशी शेंदरानं माखून निवांत पहुडलेला आहे. नागपूरहून छिंदवाड्याला जाणारा रस्ता सौंसरजवळ सोडला की मंगळवारी नि शनिवारी वाट विचारावी लागत नाही, गाड्यांची रांगच देवळापर्यंत नेते. त्यांतल्या कितीतरी नंबरप्लेटा महाराष्ट्राच्या. गाव मध्य प्रदेशात, देव दोन्हीकडचा, आणि दुकानाच्या ओट्यावरची भाषा आपली.

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी तिथं अडकले. दर्शन झालं होतं, पण पाऊस असा कोसळायला लागला की गाडीपर्यंत पोचणं अशक्य. पूजासाहित्याच्या एका दुकानाच्या ताडपत्रीखाली मावशींनी पाट सरकवून जागा दिली आणि मी चांगली दोनेक तास बसून राहिले. नारळ, तेलाच्या पुड्या, शेंदूर, रुईच्या पानांच्या माळा. मावशी पन्नाशीच्या. हात थांबत नव्हते. माळा ओवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, नारळाची शेंडी सोलणं, पाणी साचलेली ताडपत्री काठीनं वर ढकलणं, मधूनच नातवाला दटावणं. बोलता बोलता कळलं की पहाटे चारला उठून घरचं आवरायचं, मग ओढ्याच्या काठानं जाऊन रुईची पानं तोडून आणायची, उजाडायच्या आत दुकान मांडायचं. एक गोष्ट मला जरा चमत्कारिक वाटली. काही पैसे त्या गल्ल्याच्या डब्यात टाकत होत्या आणि काही कमरेच्या पिशवीत. त्यात काय हिशेब होता ते कळेना. आपण कशाला विचारावं, म्हणून गप्प बसले.

विचारलं ते दुसरंच. ‘मावशी, तुम्ही काम काय करता?’

त्या हसल्या. ‘मी? काईच नाई जी. मी त घरीच रायतो. दुकान मालकाचं हाय.’

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, त्यामुळे त्या शेवटच्या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही खरे असतात. मालक त्या दोन तासांत एकदाही दिसले नाहीत. पण या वाक्यातलं ‘रायतो’ ऐकण्यासारखं आहे. पुण्यामुंबईची बाई ‘राहते’ म्हणेल. वऱ्हाडा-नागपुराकडची, पांढुर्ण्या-सौंसरची बाई स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखंच ‘मी जातो, मी करतो, मी रायतो’ म्हणते. व्याकरणानं तिला पुरुषाच्या बरोबरीला बसवलं आहे. तिथून उठवण्याचं काम बाकीच्यांनी केलं.

बाकीच्यांमध्ये पहिला मान सरकारी कागदाचा. देशात किती माणसं काम करतात हे मोजणारं श्रमशक्तीचं सर्वेक्षण २०१७पासून नियमित होतं. त्याच्या तक्त्यात प्रत्येक माणसाला एक आकडा मिळतो. स्वतःचा धंदा करणारा ११. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा २१. पगारी नोकर ३१. रोजमजूर ५१. विद्यार्थी ९१. नुसतं घरकाम करणारी ९२, आणि घरकामाशिवाय सरपण, चारा, पाणी असलं काही गोळा करणारी ९३. यांतले शेवटचे तीन आकडे कामकऱ्यांत धरत नाहीत. म्हणजे मावशींनी जे उत्तर मला दिलं तेच गणकाला दिलं, तर त्या ९२ किंवा ९३. गणक चिकाटीचा निघाला, ‘दुकानात कोण बसतं’ असं त्यानं विचारलं, तर २१. आणि पानं कोण तोडतं, माल कोण आणतं, भाव कोण ठरवतं इथवर तो पोचला, तर कदाचित ११. बाई तीच, पहाटही तीच. ती देशाच्या श्रमशक्तीत आहे की नाही हे गणक घाईत होता का आणि दारात उत्तर द्यायला सासरा उभा होता का यावर ठरणार.

आता हे डोक्यात ठेवून आकडे पाहू. पंधरा वर्षांवरच्या भारतीय बायकांमध्ये काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या किती, याचं प्रमाण २०११-१२ साली ३१ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१७-१८मध्ये ते २३.३ टक्क्यांवर आलं. शंभरातल्या सत्त्याहत्तर बायका कामकऱ्यांच्या हिशेबाबाहेर. त्या वर्षांत इंग्रजी वर्तमानपत्रांत खूप चर्चा झाली. बाया कुठं गेल्या, असा एकंदर सूर होता. जणू जत्रेत हरवल्या. मग वारं फिरलं. २०२३-२४चा आकडा आला ४१.७, आणि खेड्यांपुरता तर ४७.६. सहा वर्षांत ग्रामीण भागातला आकडा जवळजवळ दुप्पट. सरकारनं पाठ थोपटून घेतली.

मला दोन्ही वेळच्या भावना कळल्या नाहीत. वाढ कशाची झाली ते त्याच अहवालात आहे. काम करणाऱ्या बायकांपैकी स्वयंरोजगारातल्या २०१७-१८ साली निम्म्याच्या थोड्या वर होत्या, २०२३-२४मध्ये दोन तृतीयांशांच्या वर गेल्या. घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनमोबदला मदत करणाऱ्या, म्हणजे २१ आकड्याच्या, एकट्याच ३६.७ टक्के. आणि महिन्याचा पगार घेणाऱ्यांचा वाटा २१ टक्क्यांवरून सोळाच्या आसपास उतरला. सोप्या मराठीत सांगायचं तर मावशी ९२मधून २१मध्ये आल्या. कमरेच्या पिशवीत त्यानं एक रुपया वाढला नाही.

म्हणून घटलं काय, हा प्रश्न मी वेगळ्या जागेवरून विचारते. बाईचं काम घटलेलं नाही. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८, असं निघालं. म्हणजे त्यातही फक्त हात लावणारे पुरुषच मोजले आहेत. घटली आहे ती मजुरी. दुसऱ्याच्या हातून, सगळ्यांदेखत, तिच्या नावानं तिच्या हातात पडणारी रक्कम. आणि त्या रकमेबरोबर गावाच्या जगण्यात जे काही येत होतं, तेही.

माझं आजोळ याच पट्ट्यातलं. आजी कापूस वेचायला जायची. दसऱ्याच्या मागंपुढं वावरात सीतादहीची पूजा व्हायची, मग वेचा सुरू. पहिला, दुसरा, तिसरा वेचा करत संक्रांत ओलांडली तरी काम असायचं. त्याआधी सरकी टोबायला बाया, निंदायला दोन-तीनदा बाया, खत द्यायला बाया. डवरणी तेवढी गडीमाणसाची, कारण तिथं बैल. वेचणीची मजुरी वजनावर. संध्याकाळी वावराच्या धुऱ्यावर काटा लागायचा, प्रत्येकीचं गाठोडं चढायचं, आकडा मोठ्यानं पुकारला जायचा. आजी शाळेत गेली नव्हती, पण काट्याचा दांडा किती झुकला हे तिला शेतमालकाच्या मुनिमापेक्षा चांगलं दिसायचं. कुणाचं वजन कमी धरलं की चार बाया एकदम बोलायच्या. मला वाटतं, त्या धुऱ्यावर जी पंचायत भरायची तिला कोणत्याही ग्रामसभेपेक्षा जास्त कोरम असे.

त्याच भागात आज संत्र्याचे बगीचे आहेत. कापूस संपला असं नाही, पण ज्याच्याकडे विहिरीला पाणी आहे त्यानं संत्रा लावला. आणि त्यानं योग्यच केलं. वरुड-मोर्शी काय, काटोल काय, सौंसर-पांढुर्णा काय, संत्र्यानं घरं पक्की केली, पोरं नागपूर-पुण्याला शिकायला पाठवली. पण बगीच्याचं वर्ष कसं जातं ते बघा. आळी करणं, सल काढणं, ताण देणं, ओलित, फवारणी. बहुतेक गडीमाणसाची नि यंत्राची कामं. फळ धरलं की व्यापारी येतो, झाडावरच्या मालाचा ठोक्यानं सौदा होतो आणि तोडायला त्याची स्वतःची टोळी येते, शिड्या, कॅरेट नि ट्रक घेऊन. आंबिया बहार असो की मृग, गावातल्या बायांचा त्यात हात फार थोडा लागतो. कपाशीच्या एकरात बाईला जेवढे दिवस काम होतं, त्याच्या पासंगालाही संत्र्याचा एकर पुरत नाही. वर तणनाशक आलं. पाठीला पंप लावलेला एक माणूस सकाळच्या प्रहरात जे उरकतो त्याला पूर्वी बायांचं अख्खं निंदण लागायचं. ज्वारी गेली तशी कापणी नि मोडणी गेली, आणि सोयाबीन मळणीयंत्रात गेलं.

यात खलनायक कुणी नाही, हीच अडचण आहे. निंदणाला बाई मिळत नाही म्हणून शेतकरी तणनाशक आणतो आणि निंदण नाही म्हणून बाई घरी बसते. कुठलं आधी झालं, याचं उत्तर दोघं वेगवेगळं देतात. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांनी दाखवलं आहे की भारतातल्या बायका एकदाच कामातून बाहेर पडून घरी बसत नाहीत. मिळेल तेव्हा जातात, संपलं की परततात, वर्षात अनेकदा. आत-बाहेर होणारीला ‘सोडून गेली’ म्हणणं हे भरल्या बसमागून धावणाऱ्याला ‘याला प्रवासात रस नाही’ म्हणण्यासारखं झालं.

हे पहिल्यांदाच होतंय असंही नाही. सौंसर हे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे. इथल्या मँगनीजवाल्या खडकांच्या मालिकेला ‘सौसर समूह’ म्हणतात. लुईस ली फर्मोर या ब्रिटिश भूवैज्ञानिकानं भारतातल्या मँगनीजवर १९०९ साली मोठा ग्रंथ लिहिला आणि एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. त्या गोंडांच्या नि इतरांच्या बाया उघड्या खाणींवर दगड फोडत, निवडत, टोपल्या वाहत. याच जुन्या छिंदवाडा जिल्ह्याच्या उत्तरेला पेंच खोऱ्यात कोळसा आहे. तिथल्यासारख्या खाणींत बायका जमिनीखालीही उतरत. १९२९ साली सरकारनं नियम केला की त्यांना टप्प्याटप्प्यानं जमिनीखालून काढायचं, १९३९पर्यंत पूर्ण. मग महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३मध्ये तोच नियम उठवून बायकांना पुन्हा खाली उतरवलं आणि १९४६मध्ये पुन्हा वर आणलं. त्यांच्या प्रकृतीची काळजी मधली तीन वर्षं कुठं गेली होती, कोण जाणे. मुंबईच्या गिरण्यांतही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात साधारण पाच कामगारांत एक बाई होती, रिळिंग नि वाइंडिंग खात्यांत. १९२९चा बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा, रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं. कायदे चांगले होते, भत्ता तर हवाच होता. पण त्याचा खर्च मालकावर पडल्यामुळे बाई महाग झाली आणि तिची जागा पुरुषानं घेतली. पुढच्या काही दशकांत गिरणगावातल्या कामगारांत बाई शोधावी लागे. नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या पिढीनं ‘गिरणीवाला’ हा शब्द पुल्लिंगीच ऐकला.

आणि उलटंही घडलेलं आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली. वि. स. पागे यांची ती कल्पना पुढं १९७७च्या कायद्यात उतरली. खडी फोडायच्या, नाला बांधायच्या त्या कामांवर बाया एवढ्या संख्येनं आल्या की गोखले इन्स्टिट्यूटच्या कुमुदिनी दांडेकरांनी हमीचा अभ्यास करताना तिच्याकडे खास बायकांच्या रोजगाराची संधी म्हणून पाहिलं. उन्हात खडी फोडायची हौस कुणालाच नसते. काम घरापासून जाण्याजोगं होतं, मुकादमाच्या मर्जीवर नव्हतं आणि पैसे हातात पडत होते. एवढं जमलं की परंपरा, घराण्याची अब्रू, पदर वगैरे सगळं धुऱ्यावर ठेवून बाया आल्या.

इथं माझ्या आजीनं मला अडवलं असतं. तिची बाजू मांडल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही. कापसाच्या बोंडाची टोकं सुकली की सुईसारखी होतात. तिच्या बोटांना कायमचे ओरखडे होते, थंडीत त्यांतून रक्त यायचं. तिची सगळ्यात मोठी कमाई कोणती विचारलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्या पोरीला कुणाच्या वावरात जावं लागलं नाही. माझ्या आईनं आयुष्यात कापूस वेचला नाही. आजी ते चारचौघांत सांगायची. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी वर चढणाऱ्या जाती बायकांना बाहेरच्या कामातून काढून घेतात हे नोंदवलं, आणि क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली नोबेल मिळालं तेव्हा त्यांचा इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा आलेख पुन्हा चर्चेत आला. गरीब शेतीप्रधान समाजात बायका खूप काम करतात, थोडी सुबत्ता आली की घरी जातात, शिक्षण वाढून कचेऱ्यांतली कामं आली की परत बाहेर पडतात. आजी त्या आलेखाची डावी बाजू, आई तळ, आणि मी नागपुरात नोकरी केली म्हणून उजवी. आमच्या घरापुरता सिद्धांत तंतोतंत बसतो.

पण मावशींची सून बारावी शिकलेली आहे आणि नारळ सोलते आहे. तिच्यासाठी आलेखाची उजवी दांडी वर जातच नाही. बोरगावला औद्योगिक क्षेत्र आहे, रेमंडचा कापड कारखाना तिथंच आहे, पण कारखान्यांच्या फाटकातून पाळी सुटते तेव्हा मोटारसायकली मोजाव्यात, ओढण्या मोजायला वेळ लागत नाही. नागपूर सत्तर किलोमीटरच्या आत आहे. सुनेनं तिथं काही करायचं म्हटलं तर जाणार कशानं? मध्य प्रदेशनं आपलं एसटी महामंडळ गुंडाळलं त्याला दीड-दोन दशकं झाली, तिथं खासगी बस. नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वे २०१५च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि नवी मोठी लाइन पूर्ण होईपर्यंत वर्षं गेली. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत राज्याच्या हद्दीपुरती. केळवदच्या पुढं सीमा ओलांडली की बाईचं तिकीट पूर्ण होतं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हा आखलेली रेघ तिकिटाच्या किमतीत अशी उमटते. रोजगार हमीच्या दरातही उमटते. २०२५-२६साठी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये, मध्य प्रदेशात २६१. कुदळ तीच, मुरूमही तोच.

आणखी एक नवी गोष्ट या भागात झाली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जून २०२३मध्ये मध्य प्रदेशात लाडली बहना योजनेचा पहिला हजार रुपयांचा हप्ता पडला, पुढं रक्कम वाढत गेली. वर्षभरानं महाराष्ट्रानं लाडकी बहीण आणली, दीड हजारांची. यावर शहाण्या लोकांचं एक ठरलेलं वाक्य आहे की फुकट पैशानं बाया कामावर येत नाहीत. मी ते वाक्य एका मोठ्या बागायतदाराच्या ओसरीवर ऐकलं, तेव्हा त्याच्या ट्रॅक्टरवरचं अनुदान, विजेची सवलत नि पीककर्जाचं व्याज आठवून मला हसू आलं. हजार-दीड हजारात महिना काढून दाखवा म्हणावं. उलट माझं निरीक्षण असं की या पैशानं मजुरीची एक गोष्ट बाईला परत दिली. खातं तिच्या नावाचं, मोबाइलवर संदेश तिला, पैसे काढायला तीच जाणार. मावशी म्हणाल्या, ‘समग्र आयडीत अंगठा उठत नव्हता, त मी सवता तीन खेपा सौंसरले जाऊन आलो.’ समग्र म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळखक्रमांक. त्या तीन खेपा मला त्या हप्त्याइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

पण मजुरीची दुसरी गोष्ट परत आली नाही. मजुरी मिळवायला घरातून निघावं लागतं, चौघींबरोबर चालावं लागतं. वेचणीला जाणारी टोळी पहाटे मारुतीच्या पाराशी जमायची. रस्त्यानं कुणाच्या सुनेला मार बसतो, कुणाच्या पोरीचं लगन ठरतंय, कुठल्या मालकाकडे भाव जास्त, सगळं कळायचं. विधवा बाईलाही त्या टोळीत जागा होती. आणि रस्त्यावर वीस बाया चालताहेत म्हटल्यावर शाळेतून एकटी येणारी पोरगी आपोआप सुरक्षित होती, त्यासाठी पोलिसांचं पथक लागत नव्हतं. समाजावर परिणाम काय, असं विचारतात तेव्हा अर्थशास्त्री राष्ट्रीय उत्पन्नाचे टक्के सांगतात. मला तो रिकामा रस्ता दिसतो. हप्ता एकेकीच्या मोबाइलवर वेगवेगळा वाजतो. त्यासाठी चार बाया एकदम बोलायला लागत नाहीत.

रस्त्यावर आता दिसतात ते पोट्टे. पानठेल्यावर, पुलाच्या कठड्यावर, हातात मोबाइल. यांची गणतीही नीट होत नाही. बाप म्हणतो शेती बघतो, आई म्हणते परीक्षेची तयारी करतो, आणि तो स्वतः म्हणतो, बघू. पोलीस भरती, पटवारी, रेल्वे. एक अर्ज भरला की तो बेकार राहत नाही, उमेदवार होतो, आणि उमेदवार तिशीपर्यंत राहता येतं. बगीच्यात फवारणी करायला त्याला लाज वाटते, कारण तो शिकलाय. लग्नाला मुलगी मिळत नाही, कारण मुलीही शिकल्यात आणि त्यांना नोकरीवाला पाहिजे. त्यांना स्वतःला नोकरी मिळण्याची आशा नसल्यामुळेच नवऱ्याला असावी हा आग्रह जास्त. पुरुषाचं रिकामपण आणि बाईची बिनपगारी राबणूक एकाच घरात, एकाच छपराखाली नांदते. सर्वेक्षणात मात्र ती दोन वेगवेगळ्या तक्त्यांत जाते. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे दगडफेक होते. दरवर्षी डोकी फुटतात, दरवर्षी बंदीची चर्चा होते. परंपरा जुनी आहे, तिला आजच्या बेकारीशी जोडायचा मोह मी टाळते. एवढंच सांगते की त्या दिवशी कुणाला कामावरून रजा घ्यावी लागली असं मी ऐकलेलं नाही.

आता कागदांचा शेवटचा घोळ. मावशींच्या नावावर कर्ज आहे. गावोगावी दहा-वीस बायांचा गट करून आठवड्याच्या हप्त्यानं कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, तसलं. त्या कर्जाच्या अर्जात व्यवसाय या रकान्यात त्यांच्या नावापुढं ‘पूजासाहित्य दुकान’ लिहिलेलं आहे. म्हणजे कर्ज घेताना दुकान मावशींचं. फेडायची जबाबदारीही त्यांचीच. श्रमशक्तीच्या सर्वेक्षणात त्या घरकामवाल्या. लाडली बहनाच्या यादीत त्या बहीण. एकच बाई एका कागदावर उद्योजक, दुसऱ्यावर आश्रित, तिसऱ्यावर नात्यातली. यांतला कोणताही कागद खोटा नाही, प्रत्येकानं आपल्या सोयीचा तुकडा उचलला आहे. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयात अरुणकुमार अग्रवाल खटल्याचा निकाल लागला. अपघातात गेलेल्या गृहिणीच्या भरपाईचा प्रश्न होता. न्यायमूर्ती गांगुली यांनी तेव्हा जनगणनेवर बोट ठेवलं की तिथं घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, वेश्या नि कैद्यांबरोबर एकाच अनुत्पादक गटात बसवलं आहे. बाई मेली म्हणजे तिच्या कामाची किंमत काढायला न्यायालय बसतं. जिवंतपणी काढायची तर तिला आधी ‘मी काम करतो’ म्हणावं लागेल, आणि ते तिच्या तोंडून निघत नाही.

का निघत नाही, याचा मी त्या पावसात बराच विचार केला. संकोच असेल. मालकाला कमीपणा नको, हेही असेल. पण मला वाटतं तिच्या लेखी ‘काम’ या शब्दाचा अर्थच वेगळा आणि आपल्यापेक्षा नेमका आहे. काम म्हणजे ज्याचा काटा लागतो. ज्याचे पैसे तिसरा माणूस मोजून तिच्या हातात ठेवतो. बाकीचं राबणं म्हणजे राहणं. म्हणून ती ‘घरीच रायतो’ म्हणते. घरी नसताना, देवळापुढच्या दुकानात बसून म्हणते.

२०२७च्या फेब्रुवारीत जनगणनेचा माणूस पुन्हा दारोदार फिरेल. तोवर जामसांवलीही बदलत जाईल. उज्जैनच्या महाकाल लोकसारखं इथं हनुमान लोक उभारायचं ठरलं आणि ऑगस्ट २०२३मध्ये भूमिपूजन झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. दगड येताहेत, कमानी उठताहेत. गर्दी वाढेल, धंदा वाढेल असं सगळे म्हणतात. मावशींना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि मी शहरातून आलेली, शिकलेली, म्हणून त्यांनी ती मला विचारली. ‘बाई, पक्के गाळे भेटले त कोनाच्या नावानं भेटन?’

मी म्हटलं, अर्ज ज्याच्या नावानं असेल त्याच्या.

‘मंग मालकाच्याच,’ त्या म्हणाल्या आणि पुन्हा माळ ओवायला लागल्या. मग थोड्या वेळानं, वर न बघता, ‘कर्ज त माह्या नावानं हाय म्हना.’

पाऊस उतरला होता. मी उठले. एक नारळ नि एक माळ घेतली, नोट पुढं केली. नारळाचे पैसे गल्ल्याच्या डब्यात गेले. माळेचे कमरेच्या पिशवीत. मी बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं.

‘नारळ मालक आनते ठोकवाल्याकडून,’ त्यांनी समजावून सांगितलं. ‘पानं मी तोडतो.’

मी आणखी दोन माळा घेतल्या.